शेत न जाळता पेरणी



सिकलसेल हे नाव नागपुरात कोणास समजावून सांगावे लागत नाही. कामगार वस्तीतल्या कोणत्याही गल्लीत विचारा, दोन-चार घरे सोडून कोणाचा तरी मुलगा, कोणाची तरी भाची या दुखण्याने अंथरुणाला खिळलेली असल्याचे ऐकू येईल. नाव ठाऊक आहे, यातना ठाऊक आहेत. पण या आजारावर मुळाशी जाणारा एक उपाय आहे, आणि गेल्या पंधरा-वीस वर्षांत तो पूर्वीपेक्षा पुष्कळ सौम्य झाला आहे, ही गोष्ट मात्र ज्यांना ती सर्वांत आधी कळावयास हवी त्यांच्यापर्यंत फारशी पोचलेली नाही. आज मला त्या उपायाविषयी बोलावयाचे आहे.

हा विषय डॉक्टराने मांडावयाचा, युनियनवाल्याने त्यात का पडावे, असे कोणी म्हणेल. माझे शाळेतले शिक्षण थोडे. पुढचे जे काही झाले ते वाचनालयाच्या बाकावर झाले. तेव्हा मी औषध सांगणार नाही. हा उपाय कसा चालतो आणि त्याची किंमत कोण मोजतो, एवढेच सांगेन. हिशेब तपासणे हा आमचा धंदाच आहे.

प्रथम दुखणे काय ते पाहू. आपल्या रक्तातील तांबड्या पेशी गोल, चपट्या आणि लवचीक असतात. केसाहूनही बारीक नळ्यांतून त्या अंग चोरून निघून जातात. त्यांच्या पोटात हिमोग्लोबिन असते. त्याच्या एका साखळीत १४६ दुवे असतात. सिकलसेलमध्ये त्यांपैकी फक्त सहावा दुवा बदललेला असतो. या एका दुव्यामुळे प्राणवायू कमी पडताच हिमोग्लोबिनच्या काड्या बनतात आणि पेशी वाकडी होऊन विळ्यासारखी दिसू लागते. आपण इकडे इळा म्हणतो तो. अशा पेशी ताठर होतात, बारीक नळ्यांत अडकतात, आणि पुढे रक्त जात नाही. मग हाडे ठणकतात, छाती भरते, प्लीहा निकामी होते, क्वचित लहान मुलास पक्षाघातही होतो. शिकागोच्या हेरिक नावाच्या डॉक्टरांनी १९१० साली या पेशींचे पहिले वर्णन प्रसिद्ध केले. १९४९ साली लायनस पॉलिंग यांनी दोष हिमोग्लोबिनच्या रेणूतच आहे हे दाखवले, आणि काही वर्षांनी इंग्लंडमध्ये व्हर्नन इंग्रॅम यांनी तो नेमका दुवा शोधून काढला.

भारतात १९५२ साली निलगिरीच्या आदिवासींत या पेशी आढळल्या. आपल्या नागपुरातून डॉ. शुक्ल व डॉ. सोळंकी यांनी १९५८ साली 'लॅन्सेट' या विलायती वैद्यकीय पत्रात मध्य भारतातील सिकलसेलविषयी लिहिले. म्हणजे आपल्या शहराला ही गोष्ट माहीत होऊन साठाहून अधिक वर्षे लोटली. हा दोष इकडे इतका का, याचे उत्तर हिवतापात आहे. ज्याला हा दोष आईबापांपैकी एकाकडूनच मिळाला तो वाहक. त्याला आजार नसतो, उलट हिवतापापासून त्याचे काही प्रमाणात रक्षण होते. हिवतापाच्या मुलखात वाहक टिकले. दोष जातीचा नाही, रक्ताच्या शुद्धाशुद्धतेचा तर मुळीच नाही. डासांनी भरलेल्या जंगलाशी आणि दलदलीशी शतकानुशतके झालेल्या झगड्याची ती खूण आहे. हे मी मुद्दाम सांगतो, कारण सोयरिकीच्या बैठकीत हा शब्द निघाला की लोक माणसाकडे वेगळ्या नजरेने पाहू लागतात.

आता या दुखण्याचा हिशेब घराच्या बाजूने पाहा. एका कारखान्यात ठेकेदाराकडे काम करणारी एक बाई होती. तिच्या मुलाला महिन्या-दोन महिन्यांनी दुखणे उसळे. "भाऊ, पोट्ट्याचे पाय धरून रात्र काढली, सकाळी पाळीवर कशी येऊ?" असे ती मला विचारी. तीन वेळा खाडे झाले, चौथ्या वेळी मुकादमाने तिचे नाव हजेरीपटावरून काढले. आम्ही भांडलो, ती पुन्हा लागली. पण मधल्या दोन महिन्यांची मजुरी बुडाली ती बुडालीच. वैद्यकीय ग्रंथांत या आजाराच्या उपद्रवांची लांबलचक यादी असते. आईचा बुडालेला रोज त्या यादीत मला कोठे दिसला नाही.

मुळाशी जाणाऱ्या उपायाकडे वळण्यापूर्वी एक गोष्ट स्पष्ट करतो. प्रत्येक मुलाला या उपायाची गरज नाही. बाळाची वेळीच तपासणी, पेनिसिलिन, न्यूमोनियाची लस, भरपूर पाणी आणि हायड्रॉक्सियुरिया नावाच्या गोळ्या, एवढ्याने पुष्कळ मुलांचे आयुष्य सावरते. ही गोळी गर्भावस्थेतले हिमोग्लोबिन पुन्हा वाढवते, आणि ते पेशीला वाकडे होऊ देत नाही. नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात डॉ. दीप्ती जैन व त्यांच्या सहकाऱ्यांनी ही गोळी किलोमागे १० मिलिग्रॅम अशा कमी मात्रेत देऊन मुलांचे दुखणे कमी होते हे २०१२-१३च्या सुमारास प्रसिद्ध केले. परदेशी पुस्तकांतली मात्रा याहून मोठी. कमी मात्रेत भागले तर खर्चही कमी आणि वरचेवर रक्त तपासण्याचा जाचही कमी. हे काम आपल्या शहरातले आहे आणि त्याची कदर व्हावयास हवी. पण गोळी रोज, वर्षानुवर्षे घ्यावी लागते. आणि काही मुले अशी असतात की गोळी घेऊनही त्यांचे दुखणे हटत नाही. आता बोलावयाचे आहे ते त्यांच्याविषयी.

तांबड्या पेशी हाडांच्या आतील मज्जेत तयार होतात. मज्जेत मूळपेशी असतात. त्यांना बियाणे समजा. बियाणेच सदोष असेल तर पीक सदोष येणारच. मग निरोगी भावा-बहिणीचे बियाणे आणून पेरले तर? १९८४ साली अमेरिकेतील मेम्फिस येथील एका मुलीची हकीगत प्रसिद्ध झाली. तिला रक्ताचा कर्करोगही होता आणि सिकलसेलही. कर्करोगासाठी तिच्यावर मज्जारोपण केले आणि दोन्ही आजार गेले. एका दुखण्यासाठी गेलेली वाट दुसऱ्या दुखण्याच्या दारात उघडली. पुढे १९९६ साली २२ मुलांचा अनुभव छापून आला: २० वाचली, १६ मुलांत नवी मज्जा टिकली. २०१७ साली निरनिराळ्या देशांतील १,००० रोपणांचा ताळेबंद प्रसिद्ध झाला. सगळ्यांना जुळणाऱ्या भावंडाची मज्जा मिळाली होती. पाच वर्षांनंतर सोळा वर्षांखालील १०० पैकी ९५ रुग्ण हयात होते. सोळा व त्यावरील वयाच्या १०० पैकी ८१. हा फरक ध्यानात ठेवा, पुढे तो कामास येणार आहे.

परंतु या जुन्या पद्धतीत आधी शेत जाळावे लागे. बुसल्फान, सायक्लोफॉस्फामाइड अशी जहाल औषधे मोठ्या मात्रेत देऊन मुलाची स्वतःची मज्जा पार नष्ट करावयाची आणि मग मोकळ्या जागेत नवे बियाणे सोडावयाचे. यात केस जातात, तोंड सोलवटते, कित्येक दिवस मूल जंतूंच्या तावडीत सापडण्याची भीती असते. सर्वांत मोठी किंमत नंतर कळते: पुढे मूल होण्याची शक्ती पुष्कळदा नष्ट होते. आठ वर्षांच्या मुलीच्या बापाला "हिचा आजार जाईल, पण पुढे हिला मूल होईल याची खात्री नाही" असे सांगितल्यावर तो कागदावर सही करताना थबकला, तर त्याला अडाणी म्हणू नये.

आता या गोष्टीचा गाभा. जुन्या रोपणांत डॉक्टरांना असे काही रुग्ण आढळले की ज्यांच्यात नवी मज्जा पूर्ण रुजली नव्हती. जुनी व नवी अशी सरमिसळ होती. नियमाप्रमाणे हे अपयश. पण त्यांचे दुखणे मात्र गेले होते! असे का व्हावे? याचे उत्तर मी आपणांस हजेरीपटाच्या हिशेबाने देतो.

समजा एका गिरणीत रोज पाच माणसे नवी भरती होतात. त्यांतला एक टिकाऊ. तो १२० दिवस कामावर राहतो. बाकीचे चार बदली कामगार. पंधरा दिवसांत निघून जातात. काही महिन्यांनी पटावर किती माणसे असतील? टिकाऊ माणसे १२०. बदली माणसे चार गुणिले पंधरा, म्हणजे ६०. भरतीत पाचांत एकच असलेला टिकाऊ कामगार प्रत्यक्ष पटावर मात्र तीनांत दोन झाला! निरोगी तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते, आणि विळा झालेली पेशी दहा ते वीस दिवस. शिवाय सदोष पेशींपैकी काही मज्जेतून बाहेर पडण्यापूर्वीच मरतात, त्यामुळे खरा आकडा याहूनही बरा येतो. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतील संशोधकांनी २०१७ साली हा हिशेब रुग्णांच्या रक्तावर तपासून सांगितले की मज्जेत दात्याचा हिस्सा शेकडा २० इतका टिकला तरी आजार मागे हटतो.

म्हणजे पंचमांश पुरतो. मग सारे शेत कशाला जाळावयाचे? जुन्या पिकाच्या ओळींमधून नवे बी टोचले आणि ते जगले तरी बस्स. सौम्य मज्जारोपण म्हणतात ते हेच.

ही सौम्य रीत पहिल्याने मुलांसाठी नव्हे, प्रौढांसाठी निघाली; कारण वर्षानुवर्षांच्या दुखण्याने झिजलेले त्यांचे यकृत-मूत्रपिंड जहाल औषधे सोसू शकत नव्हते. त्या अमेरिकन संस्थेनेच २००९ साली दहा प्रौढांचा अनुभव छापला: दहाही हयात, नऊ जणांत रोपण टिकलेले. २०१४ साली तीस जणांचा आला. त्यांत २६ जणांत ते टिकले, आणि पाहुण्या पेशींनी यजमानाच्याच शरीरावर हल्ला करावा असा जो भयंकर प्रकार रोपणात होतो तो त्यांच्यात झाला नाही. हे कसे साधले? मज्जा जाळण्याऐवजी फक्त पहारेकऱ्यांना झोपवले. आपल्या रक्तातील काही पांढऱ्या पेशी गिरणीच्या फाटकावरील पहारेकऱ्यासारख्या असतात. बिल्ला पाहून आपला-परका ठरवतात. अलेम्तुझुमॅब हे औषध त्यांना खाली बसवते. सोबत किरणांची एक लहान मात्रा, ३ ग्रे. जुन्या पद्धतीत जेथे सर्वांगास किरण देतात तेथे १२ ग्रेच्या आसपास देतात, त्याच्या चौथाई. मग भावंडाच्या रक्तातून काढलेल्या मूळपेशी सलाईनसारख्या शिरेतून सोडावयाच्या. हाडाला छिद्र पाडून काही घालावे लागत नाही. त्या आपली वाट आपण शोधून मज्जेत जाऊन बसतात. नंतर वर्षभर किंवा अधिक काळ सिरोलिमस ही गोळी, की जिने जुने-नवे पहारेकरी एकमेकांशी सलोख्याने राहावयास शिकतात.

मुलांचे रोपण करणारे डॉक्टर मात्र बरीच वर्षे जुन्याच रीतीला धरून होते, आणि त्याला कारणही होते: मुलांत जुन्या रीतीचे यश चांगलेच होते, चालते यंत्र कोण खोलून पाहतो? शेवटी कॅनडातील कॅलगरी येथील बालरुग्णालयाने धीर केला. २०१९ साली त्यांनी १६ मुलांचा अनुभव प्रसिद्ध केला. सोळाही मुले जिवंत आणि आजारमुक्त. सोळा हा आकडा लहान आहे हे खरे. पण तो पाहून इतरांनीही ही वाट धरली.

इकडे आपल्या देशात एक मधली वाटही वापरात आहे. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजने थॅलेसेमियाच्या मुलांसाठी बुसल्फानऐवजी ट्रिओसल्फान हे कमी विषारी औषध वापरून रोपणातील मृत्यू कमी केल्याचे दाखवले. ही पद्धत शेत जाळतेच, पण आच बेताची ठेवते.

सौम्य म्हणजे निर्धोक नव्हे. यात नवे बियाणे नाकारले जाण्याची शक्यता जुन्या रीतीपेक्षा अधिक राहते. नाकारले गेले तर मूल बहुधा पूर्वीच्या स्थितीला परत येते, मरत नाही. पण खर्च आणि कष्ट वाया जातात. ज्या प्रौढांत रोपण टिकले नाही त्यांपैकी काहींना पुढे रक्ताचा कर्करोग झाला, असेही त्या अमेरिकन संस्थेत आढळले आहे. किरणांची मात्रा लहान असली तरी मुलाला पुढे साठ वर्षे जगावयाचे असते, तेव्हा तीवर नजर ठेवणे भाग आहे. जो डॉक्टर या गोष्टी आपण होऊन सांगतो त्याच्यावर अधिक विश्वास ठेवावा असे माझे मत आहे.

आता दाता. बिल्ला जुळला पाहिजे. वैद्यकात त्याला एचएलए म्हणतात. अर्धा बिल्ला बापाकडून, अर्धा आईकडून येतो. म्हणून सख्ख्या भावंडाशी पूर्ण जुळण्याचा संभव चारांत एक. दोन्ही आईबाप वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात मुलाला आजार होण्याचा संभवही चारांत एकच, आणि लोक या दोन चौथाईंची गल्लत करतात. त्या निरनिराळ्या आहेत: बिल्ल्याचा कारखाना सहाव्या गुणसूत्रावर, हिमोग्लोबिनच्या या साखळीचा अकराव्यावर. दाता आजारी नसावा आणि बिल्लाही जुळावा, या दोन्ही अटी एका भावंडात पुऱ्या होण्याचा संभव सोळांत तीन. वाहक भाऊ किंवा बहीण मात्र दाता म्हणून चालते, हे पुष्कळांना ठाऊक नसते. "तोही पॉझिटिव्ह निघाला" म्हणून घरचे त्याला आधीच बाजूला सारतात. तसे करू नये.

सोळांत तीन म्हणजे बहुतेक मुलांना जुळणारे भावंड नसणारच. त्यांच्यासाठी बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्सच्या डॉक्टरांनी अर्ध्या बिल्ल्यावर काम भागवण्याची रीत बसवली. आई किंवा बाप दाता. अर्धा बिल्ला तर जुळतोच. पेशी दिल्यानंतर तिसऱ्या-चौथ्या दिवशी सायक्लोफॉस्फामाइड द्यावयाचे, म्हणजे जे पहारेकरी परक्यावर सर्वांत त्वेषाने उठलेले असतात नेमके तेच मारले जातात आणि शांत मूळपेशी वाचतात. २०१२ सालच्या पहिल्या अहवालात अशी रोपणे जवळजवळ निम्मी टिकली नाहीत. रीत सुधारत गेली. २०२५ साली ४२ प्रौढांचा निकाल प्रसिद्ध झाला: दोन वर्षांनी शेकडा ८८ जणांत रोपण सुखरूप होते. मुलांत ही रीत अजून मोठ्या केंद्रांतच करावी अशी आहे.

मग कोणत्या मुलाला न्यावे? पक्षाघात झालेला, छातीचे दुखणे पुन्हा पुन्हा येणारा, हायड्रॉक्सियुरिया नियमाने घेऊनही दवाखान्यात वरचेवर पडणारा. आपल्याकडच्या रुग्णांत गर्भावस्थेतले हिमोग्लोबिन आफ्रिकी रुग्णांपेक्षा जास्त असते, म्हणून भारतीय सिकलसेल सौम्यच असा एक समज होता. नागपूरच्या मुलांच्या पाहणीतून तो सरसकट खरा नाही असे दिसून आले. आणि वयाचा तो फरक येथे आठवा. गरज असेल तर लहानपणी. आमच्या लोकांची रीत अशी की सगळे उपाय थकले, हाडे झिजली, म्हणजे शेवटी "मोठ्या दवाखान्यात" न्यावयाचे. या उपायाला ती रीत मानवत नाही.

पैशाचे काय? कोल इंडियाच्या निधीतून २०१७ पासून केंद्रीय आरोग्य खात्यामार्फत 'थॅलेसेमिया बाल सेवा योजना' चालते. थॅलेसेमिया आणि सिकलसेल अशा आजारांच्या ज्या मुलांना घरातला जुळणारा दाता आहे, त्यांच्या रोपणासाठी नेमलेल्या रुग्णालयांत दहा लाखांपर्यंत मदत मिळते. उत्पन्नाच्या व इतर अटी आहेत. योजनेच्या नावात सिकलसेल नाही, म्हणून आपल्या लोकांना ती आपली वाटत नाही. वेस्टर्न कोलफील्ड्स ही त्याच कोल इंडियाची कंपनी, तिचे मुख्यालय नागपुरात, आणि उमरेड, वणी, बल्लारपूर या खाणींतला कोळसा विदर्भाच्या माणसांनी वर काढला. त्या पैशावर आपल्या मुलांचा हक्क सांगावयास संकोच कसला? मुंबई महानगरपालिकेनेही बोरिवली येथे मुलांच्या मज्जारोपणाचे केंद्र चालवले आहे. २०२३ च्या १ जुलैला शहडोल येथून सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल मोहिमेत सात कोटी लोकांच्या तपासणीचे उद्दिष्ट ठरले. तपासणी हवीच. पण आजारी ठरलेल्या मुलाच्या भावंडांचा बिल्ला जुळतो की नाही, हे त्याच वेळी कोणी विचारत नाही. गालाच्या आतून कापूस फिरवून किंवा थोडे रक्त घेऊन ते कळते.

वर्तमानपत्रांत जनुक-उपचाराची बातमी वाचून लोक मला विचारतात की त्याचीच वाट पाहावी काय. अमेरिकेत डिसेंबर २०२३ मध्ये असे दोन उपचार मंजूर झाले. किंमत अनुक्रमे २२ लाख आणि ३१ लाख डॉलर. त्यांत मुलाच्याच मूळपेशी दुरुस्त करून परत देतात, त्यामुळे दाता लागत नाही. पण दुरुस्त पेशींना जागा करण्यासाठी त्यातही बुसल्फानने शेत जाळावेच लागते. दिल्लीच्या सरकारी प्रयोगशाळेने देशी उपचार तयार केला आहे आणि तो पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटकडे पुढील कामासाठी दिला आहे. त्याचे स्वागत आहे. परंतु ज्याच्या घरी आज जुळणारे भावंड आहे त्याने त्यासाठी थांबू नये, असे मला वाटते.

शेवटी एक अडचण, जी डॉक्टरांच्या हातात नाही. रोपण कितीही सौम्य असले तरी मुलाला सुमारे तीन महिने रुग्णालयाच्या आसपास राहावे लागते. नागपूरचे मूल वेल्लोरला किंवा मुंबईला गेले तर आई किंवा बाप बरोबर हवाच, आणि दाता भावंड असेल तर दुसरे मूलही. ई.एस.आय.त कामगाराच्या कुटुंबाला औषधोपचार मिळतो. परंतु आजारपणाची रोख मदत, म्हणजे वर्षातून ९१ दिवसांपर्यंत पगाराच्या शेकडा ७० रक्कम, ही कामगार स्वतः आजारी असेल तरच. मूल आजारी असता बापाने घेतलेल्या रजेला ती लागू नाही. ठेक्यावरच्या माणसाला तर रजा म्हणजे नाव कटणे. यंदाच्या मागणीपत्रात आम्ही दोन कलमे घातली आहेत: मुलाच्या रोपणासाठी नव्वद दिवसांची रजा व तीत निदान ७० टक्के पगार, आणि परत आल्यावर त्याच जागी, त्याच पाळीत हजेरी. दोन मालकांनी दुसरे कलम मान्य केले आहे. पहिल्यावर अजून बोलणी चालू आहेत.